उगमाकडून

मॉरीन अ‍ॅक्रॉइड म्हणते, सुरुवात वरून करायची.
खालून उपटत गेलात
तर वरचं बी पुढच्या पुरात
तुमच्या पाठीमागे येऊन बसतं.
म्हणून आम्ही अकरा जण, गमबूट, जाड हातमोजे,
शनिवारी सकाळी रायबर्न नदीच्या काठाला,
जिथे ती अजून ओढाच आहे, तिथून.

समोर पुरुषभर उंच गुलाबी भिंत.
पानाची दातेरी कड, फुलाची मागे वळलेली शेपटी,
देठात नुसतं पाणी.
ओळखायला वेळ लागला नाही. तेरडा.
आमच्याकडचा गुडघ्याएवढा,
हा त्याचा थोरला भाऊ, हिमालयातला.
पावणेदोनशे वर्षांमागे कुणा हौशी माणसाने
बागेसाठी मागवला, कौतुकाने.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आमची भाषा म्हणते.
भाषेने यॉर्कशायर पाहिलं नव्हतं.

एका शेंगेला बोट लावलं.
फट्.
बी थेट गालावर. लहानपणचा खेळ, मी हसले.
मॉरीन हसली नाही.
‘आठशे,’ म्हणाली, ‘एका झाडाला.
आणि उडतं सात मीटर. नदी तर पलीकडेच आहे.’

मग उपटता उपटता ती सांगत राहिली,
अधूनमधून, दम लागेल तसं.
याच्या फुलात मध इतका
की भुंगे शेजारच्या रानफुलांकडे फिरकतच नाहीत.
याच्या सावलीखाली बाकी काही उगवत नाही.
आणि पहिल्या कडाक्याला हा एका रात्रीत झोपतो.
मागे उघडी माती.
डिसेंबरात नदी येते आणि काठ घेऊन जाते,
पाणउंदराच्या बिळासकट.
मुळं? ही बघ. तळहातावर मावतात.

तिकडे याला खाणारे किडे आहेत,
पानांवर बसणारा तांबेरा आहे.
पेटीत बी ठेवताना
त्यांना कुणी सोबत घेतलं नाही.

पायवाटेवर कुत्रा घेऊन एक गृहस्थ थांबले,
माझ्याकडे बघून, अगदी प्रेमाने:
‘तुमच्याकडचंच ना हे?’
रूपक आयतं हातात आलं होतं.
पहिल्या पेराखाली मोडलं
आणि ढिगावर टाकलं. मोडलं नाही तर
तिथल्या तिथे पुन्हा मूळ धरतं.
‘नाही,’ म्हटलं, ‘मी कुडाळची.’

कुडाळला बाबांच्या मानेवर
गाजरगवताची पुरळ असायची, लाल, बारा महिने.
ते अमेरिकेच्या गव्हातून आलं म्हणायचे.
खाजवताना बाबा अमेरिकेला शिव्या द्यायचे,
गव्हाला कधीच नाही.

रात्री आईचा फोन. परवा गौर.
‘तेरडो मिळता काय गो थंय?’
मी खिडकीतून खाली बघितलं.
गाडीत मागे, प्लास्टिकवर,
मॉरीनची नजर चुकवून आणलेलं एक झाड होतं.

शेंगा आधी काढल्या. एकेक,
ओल्या फडक्यात धरून, कात्रीने,
बाँब काढतात तशा.
मग खुर्चीवर उभी केली, माझ्याहून उंच गौर.
साडी गुडघ्यापर्यंतच आली.
शेजारच्या फ्लॅटमधली ब्रॉनविन हळदीकुंकवाला आली,
फुलं पाहून चपापली, पण बसली,
दोन घावने खाल्ले.

‘तिका व्हावत्या पाण्यात सोड हां,’
आई तिसऱ्या दिवशी म्हणाली.
व्हावतं पाणी खाली होतं, शंभर पावलांवर.
त्याच्याही खाली सॉवर्बी ब्रिज, काल्डर,
आणि मॉरीनच्या नकाशावरचे
अजून गुलाबी न झालेले सहा मैल.

न्हाणीत बादली भरली. अक्षता टाकल्या.
ती पाण्यात बसेना, वाकवावी लागली.
मग काळी पिशवी, दोन गाठी.

‘सोडलंस?’
‘सोडली.’
खाली कचऱ्याची गाडी
उलटी येताना वाजते तशी वाजत होती.
‘घंटा कसली गो ती?’ आईने विचारलं.